नऊशे ग्रॅमच्या आत

४ जानेवारी, सोमवार. सकाळी सव्वासहा.

उठल्या उठल्या गादी आठवली. मी आठवीत होते, ताई कॉलेजात. वार्षिक परीक्षा संपली की घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, हा आईचा नियम. जिना अरुंद, मध्ये एक वळण. ताई पुढे, उलट्या पावलांनी चढायची, मी मागे. वळणावर ती विचारायची, धरलंयस ना गं? मी म्हणायचे, धरलंय. मी नुसते तळवे टेकवलेले असायचे. वर पोचलं की ताई गादीवर आडवी पडायची, धापा टाकायची आणि म्हणायची, दोघी होतो म्हणून जमलं.

ताईला हॉस्पिटलमधून घरी आणून महिना झाला. पलंगापासून खिडकी सहा पावलांवर. हॉस्पिटलने दिलेला वॉकर दोन किलो आठशे ग्रॅमचा, आणि प्रत्येक पावलाला तो उचलून पुढे ठेवावा लागतो. तिसऱ्या पावलाला ताई थांबते. काल म्हणाली, हा मला चालवणार आहे की मी याला फिरवून आणायचंय?

मी चौतीस वर्षं हेच काम केलं. विमानातल्या खुर्च्या, ड्रोनचे हात, एकदा तर रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर. जगभरच्या वस्तूंची वजनं उतरवली. सख्ख्या बहिणीसाठी एक वॉकर जमणार नाही?

संकल्प:
ताईसाठी नऊशे ग्रॅमच्या आतला वॉकर. तीन आठवड्यांत.
रोज सहाला उठणे. (आज पंधरा मिनिटं उशीर. पहिला दिवस आहे.)
रोज संध्याकाळी ताईकडे एक तास. लॅपटॉप न नेता.

रिटायरमेंट ३१ मार्चला. त्या दिवशी ऑफिसचा सर्व्हर माझं नाव विसरणार. तोवर भरपूर वेळ आहे.

६ जानेवारी, बुधवार

ताईकडे गेले. लॅपटॉप नेला होता, पण फक्त चार्जिंगला.

तिला सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, कॉम्प्युटरला वॉकरच्या आकाराचा एक मोठा ठोकळा द्यायचा. त्याचे पाच लाख बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला विचारायचं, तू हवास का? हवा असलास तर कशाचा बनशील, कार्बन फायबर, अॅल्युमिनियम की फोम? कार्बन ताठ, अॅल्युमिनियम सोशिक, फोम नुसता जागा भरायला. जिथे जे लागेल तिथेच ते, बाकी हवा.

ताईने विचारलं, आणि तो तुकडा काय म्हणतो?

म्हटलं, सुरुवातीला म्हणतो, थोडा हा, थोडा तो.

ताई म्हणाली, म्हणजे तुझ्या भावोजींसारखा. लग्नाला होकार आहे का असं विचारलं तेव्हा अगदी हेच म्हणाले होते.

दोघी इतक्या हसलो की भाची स्वयंपाकघरातून धावत आली. ताईला खोकला लागला. भाची माझ्याकडे बघत होती, जणू मीच खोकले.

११ जानेवारी, सोमवार

मॉडेल तयार. सगळे आकडे भरले. ताईचं वजन पासष्ट किलो. हे कुणाला विचारायची गरज नाही, मला पाठ आहे. पन्नाशीत तिने वजन उतरवायचा ध्यास घेतला होता. पहाटे चालणं, साखर बंद, लोणी बंद, आणि काटा दोन वर्षं पासष्टावरून हलला नाही. तेव्हा हलला नाही तो आता काय हलणार.

पहाटे उठणं जमलं नाही. थंडी.

१८ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेनऊ.

जिंकले! सातशे दहा ग्रॅम! पहिल्याच फटक्यात! तीन आठवड्यांचं काम दोन आठवड्यांत. भाचीला फोन करून सांगितलं की आईला सांग, झालंच समज.

त्याच दिवशी, साडेअकरा.

चित्र उघडून पाहिलं. सगळा वॉकर राखाडी. काळा म्हणजे कार्बन, पांढरा म्हणजे अॅल्युमिनियम, आणि राखाडी म्हणजे अर्धा हा, अर्धा तो. असलं मटेरियल जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही. कॉम्प्युटरने नसलेल्या वस्तूचा सुंदर वॉकर बनवला आणि वर कळवलं की उत्तर सापडलं.

हे होतंच. राखाडी राहणाऱ्या तुकड्यांना दंड लावायचा असतो. दंड वाढवला की मुकाट्याने काळे-पांढरे होतात. किरकोळ बाब.

भाचीला कळवलं नाही. उगाच का गोंधळवायचं.

२५ जानेवारी, सोमवार

दंड वाढवला. दोन किलो शंभर ग्रॅम.

हॉस्पिटलच्या वॉकरपेक्षा सातशे ग्रॅमने हलका. यालाही प्रगती म्हणतात.

ताईकडे संध्याकाळी जाता आलं नाही. कॉम्प्युटरवर हिशेबाचा रन चालू होता. मी समोर बसल्याने तो लवकर संपतो असं नाही, पण सोडून जाववत नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

ताई आज दोन पावलं चालली. मागच्या आठवड्यात तीन. म्हणजे नव्या वॉकरसाठी ताकद राखून ठेवते आहे. शहाणी आहे.

तिला स्क्रीनवर डिझाइन दाखवलं. जाळीजाळीचं, मुळांसारखं फाटे फुटलेलं. चष्मा पुसून तिने नीट पाहिलं आणि विचारलं, याला वाळवी लागलीय का?

समजावलं की निसर्गातही हाडं अशीच असतात. ती म्हणाली, माझी हाडं माझ्या डॉक्टरने दाखवली आहेत मला, आणखी नको.

मग म्हणाली, ठेव ते. त्या कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाचं पुढे काय झालं ते सांग. कुठलं चपलांचं दुकान ते मला आठवेना, आणि तेवढ्यात सर्व्हरचा मेल आला.

३ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओ येऊन गेला. बारीक मिशीचा, हसरा, मला आवडत नाही. ताईला काट्यावर उभं केलं, म्हणजे तो आणि भाची दोघांनी धरलं, आणि कागदावर लिहिलं: एक्केचाळीस किलो.

काट्याखाली गालिचा होता. गालिच्यावर काटा चुकतो हे कुणालाही माहीत आहे. भाची म्हणाली, मावशी, चोवीस किलो चुकतो?

जाड गालिचा आहे.

कागद मी डायरीत खूण म्हणून ठेवला. एरवी पान सापडत नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

डिझाइन डोलायला लागलंय. एका फेरीत डावा पाय कार्बनचा, उजवा अॅल्युमिनियमचा. पुढच्या फेरीत उलट. परत पहिल्यासारखं. तीनशे फेऱ्या झाल्या, ना इकडे ना तिकडे. वजन एक किलो नऊशेच्या खाली उतरायला तयार नाही.

माझ्या जागेवर जी यायची आहे ती नवी मॅडम आजकाल शेजारच्या टेबलाशी बसते. चाळिशीची असेल. चटपटीत. टेबल माझं अजून दीड महिना आहे, पण तिने रोपटं आणून ठेवलंय. माझ्या खांद्यावरून तिने स्क्रीन पाहिली आणि विचारलं, मॅडम, वापरणाऱ्याचा लोड कुठून घेतलात?

म्हटलं, अनुभवातून.

तिने रोपट्याला पाणी घातलं.

१५ फेब्रुवारी, सोमवार

कॉन्व्हेंटमध्ये गणिताच्या सिस्टरांनी माझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, चिकाटी उत्तम, पण पहिली ओळ पुन्हा वाचत नाही. आईने ते ताईला वाचून दाखवलं आणि ताई म्हणाली, मग काय झालं, शेवटची ओळ तर हीच सगळ्यात आधी गाठते. माझी बाजू घ्यायची तिला सवयच.

आज पुन्हा सगळं तपासलं. तुकडे आणखी बारीक केले, दंड हळूहळू वाढवला, फोमचा गुणधर्म दोनदा पडताळला. आकडे सगळे बरोबर. दोष सॉफ्टवेअरचा.

२२ फेब्रुवारी, सोमवार. रात्र.

दुपारी भाचीचा फोन. आई विचारतेय, तू येणार आहेस का?

म्हटलं, तिला सांग, ऐंशी टक्के झालंय.

ती म्हणाली, मावशी, ती वॉकरचं विचारत नाहीये.

म्हटलं, हो हो, कळलं. सहापर्यंत येते. गेले साडेसातला. ताईला झोप लागली होती. जागं करायचं नाही असं भाची म्हणाली, म्हणजे तसं तोंडाने म्हणाली नाही, दार अर्धंच उघडलं.

उद्यापासून साडेपाचला निघणार. काही झालं तरी.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जमलं. रन नेमका साडेपाचला अडकला.

१ मार्च, सोमवार

ताई आता पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते. तेवढंच. फिजिओ म्हणतो, हेही पुष्कळ आहे. मी त्याला विचारलं, सहा पावलं केव्हा? तो हसला. म्हणून तर मला आवडत नाही.

वेळ घालवून चालणार नाही. एक किलो नऊशेचंच डिझाइन बनवायचं ठरवलं. सुधारणा नंतर करता येईल. फाइल घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. आमचे फिटर माझ्याइतकेच जुने, पुढच्या वर्षी तेही जातील. कागद आडवा धरून, उभा धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बाई, हे काढलंय कॉम्प्युटरने, तर जोडायलाही त्याचेच हात पाठवा.

मग विचारलं, कुणासाठी? म्हटलं, ताईसाठी. त्यांनी चष्मा चढवला आणि म्हणाले, पुढच्या सोमवारी या.

८ मार्च, सोमवार

तयार. बघायला देखणा. सांधे अॅल्युमिनियमचे, दांडे कार्बनचे, आत फोम. फिटरांनी हाताच्या मुठींना मऊ कापड गुंडाळून दिलं. ते माझ्या डिझाइनमध्ये नव्हतं. तीस ग्रॅम वाढले.

संध्याकाळी ताईसमोर ठेवला. पलंगाच्या कडेला बसून तिने दोन्ही हातांनी मुठी धरल्या. उचलला. दोन बोटं वर आला. खाली ठेवला.

म्हणाली, फार सुंदर झालाय गं. किती मेहनत घेतलीस.

ताई चिडते तेव्हा बरं असतं. ताई कौतुक करते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

भाचीने तो भिंतीला टेकवून ठेवला. टॉवेल वाळत घालायला बरा आहे, असं ती म्हणाली नसती तरी चाललं असतं.

१५ मार्च, सोमवार

नवा निर्धार. उरलेल्या सोळा दिवसांत नऊशे. चौथं मटेरियल घालून पाहणार, बाल्सा लाकूड. बाल्सा फार हलकं. बाल्सा सगळं सोडवेल.

त्याच दिवशी, चार वाजता.

बाल्साने काही सोडवलं नाही. आता डिझाइन चार मटेरियलमध्ये डोलतं.

२१ मार्च, रविवार

भाची औषधं आणायला गेली होती. ताईची चादर ओली झाली. ताई म्हणाली, राहू दे, ती येईल. मी म्हटलं, मी आहे ना. शेजारी दिवाण होता. तिला तिकडे हलवून चादर बदलायची, एवढंच.

एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली. ताई म्हणाली, पडशील गं. म्हटलं, धरलंय.

उचललं.

मला पाठीच्या डॉक्टरने पंधरा किलोच्या वर काही उचलायला बंदी केली आहे. वीस वर्षांपूर्वीही मला पन्नास किलो उचलता आले नसते. मी ताईला उचलून तीन पावलं चालले, दिवाणावर ठेवलं, चादर बदलली, उशी बदलली, आणि पुन्हा उचलून आणलं. दम लागला नाही.

ताईने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं. म्हणाली, तुझ्या ब्लाउजला ऑफिसचा वास येतो.

घरी आल्यावर डायरी उघडली. खूण म्हणून ठेवलेला कागद बाहेर आला.

२२ मार्च, सोमवार. सकाळी दहा.

फिजिओला फोन करून मागच्या आठवड्याचा आकडा विचारला. त्याने विचारलं, गालिचा काढून? आणि मग लगेच सॉरी म्हणाला. अडतीस.

पासष्ट खोडून अडतीस टाकले. बाकी काहीही बदललं नाही.

त्याच दिवशी, दहा वाजून एकवीस मिनिटं.

संपलं. चौसष्ट फेऱ्या. डोलणं नाही, राखाडी नाही. प्रत्येक तुकडा एकेका मटेरियलचा, निर्मळ. सहाशे चाळीस ग्रॅम.

अकरा आठवडे मी कॉम्प्युटरला एक बाई उभी करायला सांगत होते जी आता कुठे नव्हती. तो बिचारा तिच्यासाठी काहीतरी शोधत राहिला.

नव्या मॅडमने स्क्रीन पाहिली. अभिनंदन म्हणाली नाही. चहा आणून टेबलावर ठेवला आणि तिच्या कामाला लागली. मी तिच्याबद्दल जे काही लिहिलं असेल ते मागे घेते. रोपट्याचं सोडून.

फाइल घेऊन धावत वर्कशॉपमध्ये गेले. फिटर म्हणाले, बाई, आठवडा तरी लागेल. म्हटलं, लागू द्या. आता घाई नाही. हे मी का म्हटलं कळत नाही. घाई होती.

३१ मार्च, बुधवार

सेंडऑफ. खातेप्रमुख माझ्या चिकाटीबद्दल बोलले. हार, शाल, घड्याळ. मी दोन वाक्यं बोलले, दोन्ही अर्धवट. पाच वाजता सर्व्हरने पासवर्ड नाकारला. वेळेचा पक्का.

वॉकर हातात मिळाला. एका बोटावर तोलता येतो. फिटर गेटपर्यंत सोडायला आले. म्हणाले, ताईंना सांगा, मुठींचं कापड मी या वेळी रेशमी लावलंय, हातांना टोचणार नाही.

२ एप्रिल, शुक्रवार. सकाळ.

साडेनऊला ताईकडे. आता मला कुठे जायचं नव्हतं.

उशीला टेकवून बसवलं. वॉकर तिच्या हाताशी दिला. ताईने एका हाताने उचलला, अगदी वर, कपाळापर्यंत. हसली. म्हणाली, अगं, हा तर काहीच नाही! पुन्हा उचलला. भाचीला हाक मारली, ये गं, बघ मावशीने काय केलंय. तिसऱ्यांदा उचलला.

मग भाचीने आणि मी तिला कडेला बसवलं, वॉकर समोर ठेवला, आणि मी म्हटलं, आता उठ, मी आहे.

ताईने मुठी धरल्या. खूप वेळ धरल्या. नखं पांढरी झाली. मग म्हणाली, पाय कुठे गेले गं माझे?

पायांवर चादर होती. चादर काढली. पाय तिथेच होते, जमिनीला टेकलेले. पण टेकलेलेच.

माझ्या मॉडेलमध्ये वॉकरचे चारही पाय घट्ट धरलेले होते. जमीन घट्ट होती. लोड वरून येत होता, बरोबर जागी, बरोबर दिशेने. ताईचे पाय मी कुठेच काढले नव्हते.

ताई म्हणाली, जाऊ दे. उचलता आला की नाही? तीनदा उचलला मी. लिहून ठेव तुझ्या त्या वहीत.

लिहिलं.

३ एप्रिल, शनिवार

खुर्चीला चाकं लावून, हलकी, म्हणजे चारेक किलोत, तीन मटेरियलची, खिडकीपर्यंत नेता येईल अशी

नाही.

९ एप्रिल, शुक्रवार. दुपारी तीन.

ताईने सकाळी सांगितलं, वही घेऊन ये, पण आज तू नाही, मी सांगणार. तुझं अक्षर चांगलं आहे, कॉन्व्हेंटच्या फीचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. भाची म्हणाली, आई, आत्ता कशाला. ताई म्हणाली, मग काय, मागून पोस्टाने कळवू?

दमली की थांबत होती. मध्ये दोनदा डोळा लागला. मी लॅपटॉप आणला नव्हता, त्यामुळे वाट बघत बसले. पलंगाच्या पायथ्याशी, चादरीच्या कडेवर.

ती सांगेल तसंच लिहिते आहे:

शिलाई मशीन सकाळी येणाऱ्या नर्सला. तिला टाके घालता येतात, मी पाहिलंय. सुया निळ्या डब्यात आहेत, त्याही द्याव्यात.

लोकरीच्या तिन्ही शाली लेकीने ठेवाव्यात. वाटून टाकू नये. ती वाटून टाकते आणि मग गारठते.

पुस्तकं वाचनालयाला. ज्यात पानांमध्ये फुलं आहेत ती देऊ नयेत. तिथली फुलं कुणाची होती हे तुझ्या भावोजींना विचारता येणार नाही आता, म्हणून तशीच राहू द्यावीत, लेकीकडे.

रेडिओ फिजिओला. त्या मुलाला गाणं येत नाही, तरी गुणगुणतो. निदान सूर तरी ऐकेल.

तुझा पहिला वॉकर, जड, ऑफिसला परत. टॉवेल काढून.

दुसरा वॉकर हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर, जिथे पहिल्यांदा पाय जमिनीला लावतात तिथे. तिथल्या सिस्टरला सांगावं, माणसाचं वजन आधी करून मग द्या. गालिच्यावर नको. (इथे ताई हसली. मीही.)

रेशमी कापडासाठी फिटरांना माझे आभार, तोंडी. कागदावर नको, ते वाचत नाहीत, डिझाइनच बघतात.

इथे मी विचारलं, आणि मला?

ताई म्हणाली, तुला काही दिलं तर तू त्याचं वजन कमी करत बसशील.

मग तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, लिही.

ही वेताची खुर्ची, पलंगाशेजारची. जानेवारीत लेकीने आणली, मावशी येऊन बसेल म्हणून. कोरी आहे. ही धाकटीला. बाकी सगळं मागाहून द्यायचं. ही आज.